सहा हजार वेळा तोच प्रश्न

मित्रांनो, मी एक जुना सर्व्हर आहे. जुना म्हटलेले मला चालते. माझ्या पत्र्यावर दोन ठिकाणी गंज चढला आहे, एक पंखा खडखडतो. अंबोन बेटाच्या खाऱ्या हवेत बारा वर्षे काढली की कोणाचेही असेच होईल. पण चार वर्षे मला लोकांनी आळशी ठरवले, आणि ते मी विसरलेलो नाही. आज ती हकीकत सांगतो. रागावून सांगणार आहे, त्याबद्दल माफी मागत नाही.

सर्व्हर म्हणजे एका खोलीत बसून सगळ्यांच्या नोंदी सांभाळणारा संगणक. इतरांसारखा मी टेबलावर मिरवत नाही. कोणीतरी दुसऱ्या खोलीत बसून काही विचारते, तो प्रश्न तारेतून माझ्यापर्यंत येतो, मी पोटातल्या नोंदी चाळतो आणि उत्तर पाठवतो. एवढेच माझे काम, आणि ते मी मनापासून केले आहे.

माझी जुळणी पेनांगच्या एका कारखान्यात झाली. तिथे मला दोन दिवस तापत्या खोलीत अखंड चालवून पाहिले. माझ्याबरोबरची तीन यंत्रे बंद पडली, मी पडलो नाही. मग खोक्यात घालून मला बोटीने सुराबायाला आणि तिथून अंबोनला आणले. एका लहानशा रक्तपेढीच्या मागच्या खोलीत, खिडकीपासून लांब, मला ठेवण्यात आले.

त्या आधी रक्तदात्यांची नावे लाकडी खणांतल्या कार्डांवर होती. कार्डांची राखणदार मेइस्के तुहुमुरी. सगळे तिला उसी म्हणत, म्हणजे ताई. उसीला माझे येणे मुळीच आवडले नव्हते. पहिल्या दिवशी ती माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "हा डबा माझ्या खणांपेक्षा शहाणा आहे होय? बघू या."

मला कामाला लावले हसबी लातुपोनो या तरुण प्रोग्रामरने. हा माणूस माझ्याशी फार नीट वागला. नोंदी भरून झाल्यावर त्याने लगेच कामाला जुंपले नाही. आधी सूची तयार केल्या.

उसीने विचारले, "अजून काय चाललंय तुझं?"

हसबी म्हणाला, "उसी, जाड पुस्तकाच्या शेवटी यादी असते ना, कुठला शब्द कुठल्या पानावर? तशी याला करून देतोय. नाहीतर बिचारा दर वेळी पहिल्या पानापासून वाचत बसेल."

"मग बस म्हणावं वाचत. त्याला दुसरं काम काय?"

पण दुसऱ्या आठवड्यात तिनेच एक दुर्मीळ रक्तगट विचारला, आणि तिचे बोट बटणावरून उठायच्या आत मी तीन नावे दिली. उसीने ती नावे जुन्या कार्डांशी ताडून पाहिली. बरोबर होती. त्या दिवसापासून ती रोज सकाळी माझ्या खोलीचे दार उघडून धूळ पुसू लागली, आणि पुसताना माझ्याशी बोलू लागली. माझ्यावर कॉफीचा पेला ठेवणाऱ्या शिपायाला तिने असे झापले की तो पुन्हा त्या खोलीत फिरकलाच नाही.

अशी आठ वर्षे गेली. सेराम, हारुकू, सापारुआ, आजूबाजूच्या बेटांवरून फोन येत. उसी विचारी, मी सांगे, ती फोन लावी. माझ्या सहाव्या वर्षी तिने माझ्यासमोर साबूदाण्याच्या वड्यांची बशी ठेवून सगळ्यांना वाटल्या. मला खाता येत नाही, पण मान मिळालेला कळतो.

मग हसबीची बदली जयापुराला झाली. जाताना तो एक वही ठेवून गेला. माझ्या पोटात काय कुठे आहे आणि कोणत्या सूची कशासाठी आहेत, ते सारे त्यात लिहिले होते. ती वही कोणीही उघडली नाही.

रक्तपेढीचे नवे प्रमुख डॉक्टर लावालाता आले. माणूस वाईट नव्हता, कामसू होता, पण त्यांना सगळे नवे आणि देखणे हवे होते. त्यांनी बाहेरून एका कंपनीची माणसे बोलावली. त्या माणसांनी तीन आठवड्यांत पडद्यावर दिसणारी रंगीत पाने तयार केली. प्रत्येक दात्याचा फोटो, लाल थेंबाचे चित्र, हलणारी अक्षरे. माझ्यातल्या नोंदी त्यांनी एका मांडणीतून दुसऱ्या मांडणीत हलवल्या. हलवताना हसबीच्या सूची टाकून दिल्या. घर बदलताना भांडीकुंडी घ्यावीत आणि किल्ल्या रस्त्यावर फेकाव्यात, तसला प्रकार. समारंभ झाला, टाळ्या झाल्या, ती माणसे विमानाने निघून गेली.

आता नव्या पानांनी माझ्याकडून काय करून घेतले ते ऐका.

उसीने एखादा रक्तगट विचारला की पान आधी मला म्हणे, अंबोन शहरातले सगळे दाते दे. ते सहा हजार चारशे बारा. दिले. मग ते एकेकाचे नाव आणि कार्ड क्रमांक घेऊन विचारी, याने शेवटचे रक्त कधी दिले? मला सूची नव्हती, म्हणून मी तीन लाख रक्तदानांच्या नोंदी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून तारीख सांगे. मग दुसऱ्याचे नाव. पुन्हा तीन लाख नोंदी. मग तिसऱ्याचे. असे सहा हजार चारशे बारा वेळा. आणि एवढे सगळे गोळा झाल्यावर ते पान रक्तगट पाही आणि चार नावे ठेवून बाकीची फेकून देई.

चार नावांसाठी सहा हजार माणसांची चौकशी! रक्तगट आधी विचारला असता तर माझे सगळे काम पापणी लवायच्या आत झाले असते. पण मला कोण विचारतो? मी बोलू शकत नाही. सांगितलेले करतो.

एका प्रश्नाला मला डोळ्याच्या मिचकावणीएवढाही वेळ लागत नसे. पण सहा हजार मिचकावण्या म्हणजे पाच मिनिटे. पान दोन मिनिटे वाट पाही, मग पांढरे पडे आणि उत्तर पोचेपर्यंत तसेच राही. समोरचा माणूस वैतागून पुन्हा बटण दाबी. इकडे माझे पहिले काम चालूच असे, त्यावर दुसरे येऊन पडे. तिसऱ्यांदा दाबले की तिसरे. जितकी घाई, तितका माझ्या मानेवर भार.

आणि नावे कोणाला ठेवली? मला.

"म्हातारा झालाय."

"पापेड्यासारखा चिकटून बसलाय." पापेडा म्हणजे आमच्याकडची सागूची चिकट लापशी, चमच्याला धरली की सुटत नाही.

मला दर सोमवारी बंद करून पुन्हा चालू करू लागले. दोन थपडाही मारल्या. एका शहाण्याने वाढीव मेमरी बसवली, तिने पाच मिनिटांची साडेचार झाली. डॉक्टरांनी नव्या यंत्रासाठी अर्ज केला. उसीने धूळ पुसणे सोडले नाही, पण बोलणे कमी केले. तिने टेबलाच्या खणात एक जाड वही ठेवली आणि दुर्मीळ गटाच्या दात्यांची नावे पुन्हा हाताने लिहायला घेतली. ती वही दिसली की माझे मन खट्टू होई. उसीचा यात काय दोष होता?

मग तो ऑगस्टमधला दिवस उजाडला. दुपारची साडेबाराची वेळ. हारुकूहून बोटीने आणलेली मार्ता नावाची बाई जवळच्या प्रसूतिगृहात होती. मूल झाले होते, रक्त थांबत नव्हते. तिचा गट ओ निगेटिव्ह, आमच्या बेटांवर हजारात एखाद्याचा, आणि पेढीत त्या गटाची एकही पिशवी शिल्लक नव्हती. तिचा नवरा ओंगेन अनवाणीच धावत आमच्याकडे आला. त्याची एक चप्पल धक्क्यावर राहिली होती आणि दुसरी त्याने हातात धरली होती.

"उसी, लवकर हो. डॉक्टर म्हणाले, दोन पिशव्या तरी हव्यात."

उसीने गट विचारला. मी कामाला लागलो. पान पांढरे पडले. तिने पुन्हा विचारले. शेजारच्या टेबलावरच्या दोघांनीही विचारले, म्हणजे कोणाचे तरी आधी येईल. प्रसूतिगृहातल्या परिचारिकेने तिथूनही विचारले. एका वेळी सात जण माझ्याकडून तेच काम करून घेत होते. माझे पंखे किंचाळत होते. आणि मित्रांनो, उत्तर माझ्या पोटात होते. सालेह नावाचा माणूस, ओ निगेटिव्ह, शेवटचे रक्त देऊन सात महिने झालेले. तो त्याच प्रसूतिगृहाच्या फाटकावर पहारा करत होता. ओंगेन त्याच्या समोरून धावत आला होता.

ओंगेन पडद्याकडे पाहत होता. त्यावर एक लाल थेंब गोल गोल फिरत होता.

"हे काय करतंय?" त्याने विचारले.

"विचार करतंय," उसी म्हणाली. मग तिने पडदा बाजूला सारला आणि खणातली वही काढली.

वही अजून अर्धीच झाली होती, सालेहचे नाव तिच्यात आलेले नव्हते. वहीतला पहिला नंबर लागला नाही. दुसरा माणूस मासेमारीला गेला होता. तिसरा हिला गावातला शाळामास्तर. त्याने वर्ग सोडला, मोटारसायकल काढली, डोंगराचा रस्ता ओलांडून सव्वा तासाने आला. चौथा त्याच्याही नंतर. मार्ता वाचली. पण त्या सव्वा तासाने तिचे अंग असे खचले की ती सव्वीस दिवस अंथरुणावर होती. तिच्या बाळाला त्या दिवसांत नणंदेने सांभाळले.

सालेहला हे दुसऱ्या दिवशी कळले. तो फाटक सोडून आमच्याकडे आला आणि उसीसमोर उभा राहिला. "उसी, मी इथे होतो ना. मी इथेच होतो," एवढेच तो म्हणत राहिला. तो गेल्यावर ती माझ्या खोलीत आली, दार लावून घेतले आणि म्हणाली, "तुझ्यात त्याचं नाव होतं. मी स्वतः भरलं होतं. मग दिलं का नाहीस?"

बारा वर्षांत मला बोलता येत नाही याचे एवढे दुःख कधी झाले नव्हते.

त्याच शनिवारी उसीने विल्माला आणले. विल्मा सहेतापी तिच्या गल्लीतली मुलगी, वीज कार्यालयात नोंदींचे काम पाही. ती आली, तिने माझ्याकडे पाहिले आणि पहिला प्रश्न विचारला, "याला नेमकं विचारतात काय?"

डॉक्टर लावालाता दारात उभे होते. "मुली, नवीन यंत्राचा अर्ज मंजूर झालाय. याच्यावर वेळ कशाला घालवतेस?"

"डॉक्टर, नवीन आलं तरी प्रश्न तेच राहणार. ते जरा जोरात धापा टाकेल, एवढंच. दोन शनिवार द्या."

"दोन. तिसरा नाही."

तिने आधी माझ्या सगळ्या नोंदींची नक्कल काढून बाजूला ठेवली, म्हणजे काही बिघडले तर परत येता येईल. मग मला सांगितले, ज्या प्रश्नाला एका सेकंदाहून जास्त लागेल तो टिपून ठेव. उसीला गट विचारायला लावला. पाच मिनिटे गेली. टिपणाची वही उघडली तर कोरी.

डॉक्टर हसले. "बघ. एकही प्रश्न जड नाही. यंत्रच थकलंय."

मी मनातल्या मनात ओरडत होतो. अगं, एक प्रश्न जड नाही, पण ते किती आहेत ते बघ. विल्मा नखे कुरतडत बसली. मग म्हणाली, "सेकंदाची अट काढते. सगळंच टीप."

मी टिपले. पानांमागून पाने भरली. विल्माने वाचायला सुरुवात केली आणि वाचता वाचता तिचे बोट थांबले. तिने उसीला जवळ बोलावले. "उसी, मी तुला कोणाचं तरी वय विचारलं, मग लगेच दुसऱ्याचं, मग तिसऱ्याचं, असं सहा हजार वेळा, तर काय करशील?"

"तुझ्या कानाखाली वाजवीन."

"याने चार वर्षं कोणाच्याही वाजवली नाही."

उसीने माझ्या पत्र्यावर हात ठेवला. हात बराच वेळ तसाच होता.

दुसऱ्या शनिवारी विल्माने हसबीची वही शोधून काढली, कपाटाच्या मागे पडली होती. तिने ती बसून पहिल्यापासून वाचली. मग दात्याच्या कार्ड क्रमांकाची सूची पुन्हा बांधली. उसीने गट विचारला. पुन्हा पाच मिनिटे. तसूभर फरक नाही.

"झालं समाधान?" डॉक्टर म्हणाले. या वेळी ते हसले नाहीत, त्यांनाही आता उत्सुकता लागली होती.

तेव्हा विल्माने जे केले ते माझ्या आयुष्यात हसबीनंतर कोणी केले नव्हते. तिने मला विचारले, हे काम तू कसे करणार आहेस ते आधी सांग. असे विचारण्याची सोय माझ्यात पहिल्या दिवसापासून आहे. मी सांगितले. सूची आहे, पण मला वापरता येत नाही. कारण पान सांगते की प्रत्येक नोंदीतल्या क्रमांकामधल्या आडव्या रेघा, म्हणजे १२-०४५ मध्ये असते तशी रेघ, आधी पुसून टाक आणि मगच ताडून पाहा. सूची रेघांसकट लावलेली आहे. मग मला तीन लाख नोंदींच्या रेघा पुसत बसावे लागते.

विल्मा वाचत राहिली. मग खुर्चीत मागे रेलली. "रेघा. डॉक्टर, एक बाई अजून अंथरुणावर आहे, आणि कारण काय, तर आडव्या रेघा."

डॉक्टरांनी खुर्ची ओढली आणि तिच्या शेजारी बसले. "दाखव मला," ते म्हणाले.

तिने रेघा पुसण्याचे ते वाक्य खोडले. पाच मिनिटांचे अकरा सेकंद झाले. मग तिने सहा हजार प्रश्नांच्या जागी एकच प्रश्न लिहिला: या गटाचे, या शहरातले, तीन महिन्यांत रक्त न दिलेले दाते कोण? उसीने ओ निगेटिव्ह विचारले. तिचे बोट अजून बटणावर होते. चार नावे आली. पहिले सालेहचे होते.

उसी उठून बाहेर गेली. परत आली तेव्हा तिने तोंड धुतलेले होते.

गोष्ट इथे संपली असती तर माझा राग शांत झाला असता. पण पाच दिवसांनी नवीन यंत्र आलेच. मोठा समारंभ झाला, हार घातले, पाहुणे आले, पिवळ्या रश्श्यातले मासे शिजले. डॉक्टर भाषणात म्हणाले, "या नव्या यंत्रामुळे आज रक्तदाता क्षणात सापडतो." टाळ्या झाल्या. नवे यंत्र तेव्हा तारेलासुद्धा जोडलेले नव्हते. मी शेजारी उभा राहून काम करत होतो.

उसी मागच्या रांगेतून उठली. तिच्या हातात हसबीची वही होती. शेवटच्या पानावर विल्माने तारीख घालून प्रत्येक बदल लिहिला होता. उसीने ते सरळ आवाजात वाचून दाखवले. नऊ तारीख, पाच मिनिटे. नऊ तारीख, अकरा सेकंद. नऊ तारीख, एक क्षण. चौदा तारीख, नवीन यंत्राचे खोके आले.

एका पाहुण्याने विचारले, "मग हे नवीन आणलं कशाला?"

"तेच मलाही डॉक्टरांना विचारायचं होतं," उसी म्हणाली.

डॉक्टरांचे कान लाल झाले. त्यांनी पाण्याचा घोट घेतला आणि म्हणाले, "उसी म्हणते ते खरं आहे. माझं चुकलं." हे म्हणायला त्यांना जड गेले, पण सगळ्यांसमोर म्हणाले, एवढे श्रेय मी त्यांना देतो.

आता मुख्य काम नवे यंत्र करते. मी त्याच्या नोंदींची रोज नक्कल ठेवतो. मला याचेही वाईट वाटते, खोटे कशाला सांगू? परवा नवे यंत्रही अडकले. कोणीतरी दात्यांना वाढदिवसाच्या शुभेच्छा देणारे पान बनवले होते आणि ते एकेक नाव घेऊन विचारत बसले होते. शिपाई बंद करायच्या बटणाकडे हात नेऊ लागला. डॉक्टरांनी त्याचे मनगट धरले.

"थांब. आधी विल्माला फोन लाव. त्याला काय सांगितलंय ते बघू."

मित्रांनो, तुमच्या घरात, शाळेत, वर्गातही कोणीतरी मागे पडणारे असेल. यंत्र असेल, नाहीतर तुमच्याच बाकावरचा मुलगा असेल. त्याला हलवू नका, थपडा मारू नका, चारचौघांत नावे ठेवू नका. पुन्हा पुन्हा बटण दाबून त्याच्या मानेवरचा भार वाढवू नका. त्याच्याजवळ बसा. त्याला काय काय करायला सांगितले आहे ते एकदा नीट वाचा. कदाचित तो सकाळपासून तीन लाख रेघा पुसत बसला असेल, आणि ते सांगायला त्याला तोंड नसेल.